हिरवी छागल

मित्रांनो, दौलताबादच्या किल्ल्याखाली एका घराच्या पडवीत खिळ्याला टांगलेली हिरवी पिशवी दिसते ना, ती मी. मी एक जुनी छागल आहे. छागल म्हणजे प्रवासात पाणी नेण्याची जाड कापडी पिशवी. हा हिरवा रंग मात्र माझा नाही. तो माझ्या अंगावर कसा आला, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म शहरातल्या शहागंज बाजारातला. तिथे कडूबा नावाचा कारागीर तंबूच्या जुन्या कापडाच्या छागली शिवायचा. एका उन्हाळ्यात तात्यासाहेब आणि त्यांचा धाकटा भाऊ बन्सी नवी मोटारसायकल घेऊन त्याच्या दुकानापुढे थांबले. बन्सीने मला भरून पाहिले. माझ्या अंगातून पाणी टपटपू लागले.

"कडूबामामा, फाटकी देता का?"

"फाटकी नाय, नवी हाय. रातभर भिजत ठेव, वीण मिटंल. मग नुसती पाझरंल," कडूबा म्हणाला. "पण पाझरू दे तिला. अंग वलं राह्यलं, त्याला वारं लागलं, म्हंजे आतलं पाणी गार व्हतं. पाझर बंद झाला तर तोंड काप अन् कांदे भर हिच्यात."

दोघे भाऊ हसले. मीही त्या दिवशी हसले असेन.

पुढची वर्षे माझी चांगली गेली. मोटारसायकलच्या दिव्याखाली मला टांगलेले असे. तात्यासाहेब चालवत, बन्सी मागे बसे. अजिंठ्याच्या बाजाराला जाताना एखादी बस बंद पडलेली दिसली, की ते थांबत आणि माझे पाणी सगळ्यांना देत. "बरफ टाकला काय वो?" असे लोक विचारत. बन्सी सांगे, "बरफ कशाला? दादाच्या फटफटीचं वारं हाय ते." त्या मोटारसायकलचा आवाज बन्सीला लांबून ओळखू येई. बाजारच्या गर्दीतही तो म्हणे, "आला माझा दादा."

मग दुष्काळ पडला. दोघांच्या सामाईक विहिरीला पाणी थोडे, म्हणून पंपाची मोटर पाळीपाळीने लावायची. एके दिवशी बन्सीच्या पाळीत तात्यासाहेबांनी मोटर बंद केली आणि पाणी आपल्या मोसंबीकडे वळवले. बन्सीची रोपे वाळली. भांडण इतके वाढले, की बन्सी संसार घेऊन आदिलाबादकडे, बायकोच्या माहेरी निघाला. तात्यासाहेब फाटकात उभे राहून म्हणाले, "जा! परत तुझं तोंड बघणार नाय मी."

मी तेव्हा दिव्याखाली टांगलेली होते. ते वाक्य मी ऐकले. त्यानंतर मोटारसायकल कमी निघू लागली. प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेले. उंदरांनी माझी दोरी खाल्ली.

कितीतरी उन्हाळ्यांनंतर तात्यासाहेबांनी मला स्वतः खाली काढले. ते थकलेले दिसत होते. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितले होते, डोळ्यांचा पडदा वाळत चालला आहे, इलाज नाही.

"आदिलाबादला जाऊन येतो," ते बायकोला म्हणाले.

चतुराबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "या उन्हात? अन् फटफटीवर? एकलेच?"

"व्हय. पेरणीच्या आत परत येतो."

"येष्टीनं जावा की. मी पन येते."

"येष्टीनं गेलो तर पावणा म्हणून गेलो. फटफटी वाजली की त्याला वळखू येतंय. तो आपसूक भाईर येईल. मग मला दार वाजवावं लागायचं नाय." जरा थांबून ते म्हणाले, "अन् मला त्याच्या पाया पडायचंय. त्याला साक्षीदार नको."

"मोठ्यानं धाकट्याच्या पाया पडायचं?"

"पाणी तोडलंय मी त्याचं, चतुरा. अजून दिसतंय तवर त्याचं तोंड बघून येऊ दे."

त्या दिवसापासून चतुराबाईंनीच तयारी हाती घेतली. डोक्याला गुंडाळायला पंचा धुतला. कैऱ्या उकडून पन्ह्याचा गर केला. ऊन बाधू नये म्हणून खिशात ठेवायला दोन पांढरे कांदे निवडले. तात्यासाहेब क्लचची नवी वायर आणायला शहागंजात गेले. जाताना मला नवी दोरी बांधून, पाण्याने भरून ओटीवर टांगून गेले.

माळ्यावर वाळून माझी वीण उसवल्यासारखी झाली होती. पाणी धो धो गळू लागले. चतुराबाईंनी ओटीवरचे थारोळे पाहिले. धनी उन्हात एकटे जाणार आणि पाणी वाटेतच संपणार, या विचाराने त्या घाबरल्या. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून उरलेला तेलरंगाचा डबा कोनाड्यात होता. त्यांनी मला रिकामे करून उन्हात वाळवले आणि तो हिरवा रंग जाडसर थापला. एकही छिद्र सोडले नाही. छागल पाझरू द्यायची असते, हे कडूबाचे बोलणे त्यांनी कधी ऐकलेच नव्हते.

निघायच्या दिवशी ऊन अंगणात आले होते. चतुराबाई दारात उभ्या होत्या. माझे हिरवेगार अंग बघून धनी रागावतील की हसतील, याची वाट बघत होत्या. तात्यासाहेबांनी मला भरले, दिव्याखाली टांगले आणि अंगावरून हात फिरवला.

"बघ, एक थेंब गळत नाय. वीण मिटली."

चतुराबाईंना वाटले, थट्टा चालली आहे. "अन् रंग कसा दिसतोय?" त्यांनी विचारले.

"कशाचा रंग?"

"छागलीचा."

"मातकट. पयल्यापास्नं मातकटच हाय ती. आसं काय इचारतीस?"

भरल्या उन्हात, हातभर अंतरावरचा हिरवा रंग धन्यांना दिसत नव्हता. चतुराबाई पुढे झाल्या आणि मोटारसायकलची किल्ली काढून त्यांनी मुठीत घट्ट धरली.

"ती हिरवी हाय वो," त्या म्हणाल्या. "शिंगाचा रंग लावलाय मी."

तात्यासाहेबांनी मला डोळ्यांजवळ नेले, दूर धरले, पुन्हा जवळ नेले. त्यांनी किल्ली मागितली नाही.

एसटीने जायला ते कधीच तयार झाले नाहीत. काही महिने ते रोज संध्याकाळी मोटारसायकल अंगणात काढून नुसती सुरू करत आणि फाटकाकडे तोंड करून ऐकत बसत. फाटकातून कुणी आले नाही. पुढे साखळी गंजली. आता त्यांना फाटकही दिसत नाही.

मित्रांनो, एखाद्या वस्तूची काळजी घ्यायची असेल, तर आधी तिचे काम काय ते समजून घ्या. मला जपायला गेलेल्या हातांनीच माझे काम संपवले, पण त्या हातांवर मला रागावता येत नाही. आणि कुणाचे पाणी तोडले असेल, तर पाया पडायला डोळे जायची वाट बघू नका.

जाणे राहिले, त्याच सकाळी चतुराबाईंनी विळीवर माझे तोंड कापून रुंद केले आणि धन्यांच्या खिशासाठी काढलेले दोन्ही कांदे माझ्यात टाकले. तेव्हापासून माझ्यात कांदेच असतात.