मापासाठी माणूस

ज्याने कोणाचे वाईट चिंतिलेले नसते, त्याच्या हातूनही न्यून घडते. त्याला अपराध म्हणता येत नाही, म्हणून त्यास दंड नाही. आणि दंड नाही म्हणून प्रायश्चित्तही सापडत नाही. असे न्यून भरून काढायला माणूस निघतो, तेव्हा बहुधा भरून काढण्याजोगे काही उरलेले नसते. माझे स्नेही कमलाकर यांच्या बाबतीत हे मी जवळून पाहिले.

कमलाकर यवतमाळला सरकारी कचेरीत आरेखक होते. इमारतींचे नकाशे काढण्यात त्यांची नोकरी सरली आणि निवृत्तीनंतर इमारतींची छायाचित्रे काढण्याचा छंद त्यांना लागला. रविवारी सकाळी त्यांची स्कूटर माझ्या दाराशी थांबे. मी शाळेत संस्कृत शिकवलेला मनुष्य. दगडविटांतले मला फारसे कळत नसे, पण त्यांच्यामागे बसून जाण्यात सुख होते. कुठे रानातल्या देवळाची द्वारशाखा, कुठे इंग्रजी अमदानीतल्या विश्रामगृहाचा व्हरांडा, कुठे वणीकडच्या एखाद्या घराचा कोरीव सज्जा. देवळापुढे आपण जोडे काढतो, तसे ते प्रत्येक इमारतीपुढे क्षणभर नुसते उभे राहत आणि मगच कॅमेऱ्याचे झाकण काढत.

त्यांची एक रीत होती. इमारतीची उंची कळावी म्हणून आरेखक नकाशात भिंतीलगत एक मनुष्याकृती काढतात. तिला चेहरा नसतो. कमलाकरांनी तीच रीत छायाचित्रात आणली. जो कोणी तिथे सापडेल त्याला ते भिंतीजवळ उभे करीत, पाठ कॅमेऱ्याकडे आणि तोंड भिंतीकडे.

ती वर्षे कापसाला फार वाईट गेली. गाड्या बाजारातून तशाच परत जात आणि जिल्ह्यातल्या जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढण्याच्या गिरण्या, एकामागून एक बंद पडत. पांढरकवड्याच्या रस्त्यावर अशीच एक बंद पडलेली जुनी जिनिंग होती. काळ्या दगडाचे जोते, त्यावर चुन्यात बांधलेल्या विटांच्या कमानी, छपराला सागाच्या कैच्या, आणि खाली अष्टकोनी असून वर गोल होत गेलेली चिमणी. कमलाकर तिच्यावर लुब्ध होते. यंत्रात कापूस सोडण्याचे काम ज्याने उभे आयुष्य केले, तो भीमराज आता तिथे चौकीदार होता. रुईचा बारीक तंतू त्याच्या छातीत कायमचा बसला होता; चार वाक्ये बोलला की खोकत असे.

“भीमराज, चिमणीजवळ उभा राहा, उंचीचं माप कळायला. तोंड भिंतीकडे,” कमलाकर पहिल्याच दिवशी म्हणाले.

“काहून साहेब? माया तोंडात काय खराबी हाय?”

“खराबी नाही रे. तोंड दिसलं की पाहणारा तोंडच पाहत बसतो. मग चिमणीकडे कोण पाहणार?”

“मंग मी माणूस होय का मापाचा गज?”

“आज गज समज.”

“मंग गजाले चहा तरी पाजा!” असे म्हणून तो हसला, खोकला, आणि भिंतीकडे तोंड करून ताठ उभा राहिला.

पुढे हे अंगवळणी पडले. आमची स्कूटर दिसली की तो सदरा झटकी, केसांवरून हात फिरवी आणि विचारी, “आज कोन्ती भिंत, साहेब?” ज्याची पाठच दिसणार, त्याने केस कशाला सारखे करावेत, हा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही.

एकदा निघताना तो म्हणाला, “एखांदा समोरून बी काढजा साहेब. घरची म्हणते, दाखव तरी कसा येते थो.”

“काढू की. पुढच्या खेपेला नक्की,” कमलाकर म्हणाले. रोलमध्ये एकच फोटो उरला होता आणि गाठी बांधण्याच्या प्रेसघराच्या जाळीवर ऊन तिरपे उतरले होते. त्यांनी जाळीचा फोटो काढला. त्यात कपट नव्हते. ऊन थांबणार नव्हते, आणि भीमराज तर तिथलाच होता.

ती खेप लांबली. कमलाकरांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, मग घरात लग्न निघाले. आम्ही गेलो तेव्हा चिमणी नव्हती. सागाच्या कैच्या ट्रकांतून गेल्या होत्या, लोखंड भंगारात, आणि विटांच्या ढिगाऱ्यावर शेळ्या चढत होत्या. समोरच्या टपरीवर कळले की भीमराजही गेला, छातीनेच गेला. परतताना कमलाकर वाटभर चिमणीविषयी बोलत होते. भीमराजविषयी एकदाच “बिचारा” म्हणाले.

नंतर एका दुपारी मी त्यांच्याकडे बसलो असता एक बाई दाराशी आल्या. पांढरी सुती साडी, हातात कापडी पिशवी. म्हणाल्या, “मी सत्यशीला. जिनिंगवरच्या भीमराजची.”

कमलाकरांच्या पत्नी शोभाताईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले. बाई खुर्चीच्या कडेवर बसल्या.

“साहेब, पुढच्या महिन्यात वर्ष होते त्यायले. विहारात पुण्यानुमोदन हाय. फोटो पाह्यजे व्हता. घरात एकबी नाही. मतदानाच्या कारडावरचा पार पुसून गेला, स्टुडिओवाला म्हणे यातून काही निघत नाही. मंग मले आठोलं. ते घरी येऊन सांगत ना, आज बी साहेबानं माया फोटो काढला म्हून. लई खुशीत सांगत. म्हटलं, तुमच्यापाशी त ढीग असन.”

कमलाकर उठले. कपाटातून जिनिंगच्या छायाचित्रांचा गठ्ठा काढून त्यांनी तो टेबलावर ठेवला. तो बाईंपुढे मात्र त्यांनी सरकवला नाही. तोवर त्यांच्या ध्यानात आले होते.

बाईंनी पहिले छायाचित्र पाहिले. दुसरे पाहिले. मग सगळी भराभर चाळली. प्रत्येकात कमान, भिंत, चिमणी, आणि पायथ्याशी एक पाठ. शेवटी त्यांनी एक फोटो उलटा केला. मागे कमलाकरांच्या सुबक अक्षरात लिहिले होते. बाईंनी अक्षर लावून मोठ्याने वाचले, “चिमणी, उत्तर बाजू. मापासाठी माणूस.”

शोभाताई पदराने ओठ दाबून आत गेल्या.

“माया आज्याले गावात असं उभं राहा लागे साहेब,” बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “मोठा माणूस रस्त्यानं चालला का तोंड फिरवून, भिंतीकडं. त्यायनं घरी येऊन मले हे सांगतलंच नाही.”

“तसं नव्हतं हो बाई,” कमलाकर म्हणाले. “ती नुसती कामाची पद्धत होती.”

“असन. पन पाठीले हार कसा घालू, तुमीच सांगा?”

कमलाकरांनी निगेटिव्हच्या पट्ट्या काढल्या आणि खिडकीशी धरून भिंगाने एकेक चौकट पाहू लागले. बाई हात मांडीवर ठेवून वाट पाहत होत्या. अखेर एक चौकट सापडली. त्या वेळी भीमराजला खोकल्याची उबळ आली होती आणि तो अर्धा वळला होता. बिघडलेली म्हणून ती कधी छापलीच नव्हती. “यात आहेत ते, बाई. मोठा करून मी स्वतः घेऊन येतो,” कमलाकर म्हणाले. बाईंच्या चेहऱ्यावर जे उमटले त्याला मी आशाच म्हणेन. ते मला पाहवले नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही त्यांच्या गावी गेलो. विहारात बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, पुढे मेणबत्त्या. बाजूच्या टेबलावर पांढरे वस्त्र अंथरून ताजा हार ठेवला होता. फोटोची जागा मोकळी होती. कमलाकरांनी पिशवीतून पाकीट काढून बाईंना दिले. स्टुडिओवाल्याने करता येण्याजोगे सगळे केले होते. पण चेहऱ्याच्या ठिकाणी एक पांढुरका फराटा होता, आणि फराट्यामागे चिमणीची प्रत्येक वीट स्वच्छ मोजता येत होती.

बाईंनी क्षणभर पाहिले आणि फोटो पाकिटात परत घातला.

“हा त निस्ता धूर हाय, साहेब. राहू द्या. माया डोळ्यात हाय थो बरा हाय. ह्यो जास्त पाह्यला त थो बी पुसून जाईन.” पाकीट कमलाकरांच्या हातात देऊन त्या पुढे म्हणाल्या, “आले तुमी, बसा. जेवल्याबिगर जाऊ नका.”

वंदना झाली. हार त्या मोकळ्या वस्त्रावर तसाच राहिला. कमलाकर शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसले होते. पंगतीत सत्यशीलाबाईंनी त्यांना स्वतःच्या हाताने खीर वाढली, आणि त्यांनी मान खाली घालून ती संपवली. परतीच्या वाटेवर जुना दगडी पूल आला. तिथे थांबल्यावाचून ते कधी पुढे गेले नव्हते. त्या दिवशी स्कूटर थांबली नाही.

त्या माउलीच्या डोळ्यांतला तो चेहरा तिच्या अखेरच्या दिवसापर्यंत पुसट न होवो. माझ्या मित्राला, जमेल तेव्हा, झोप लागो. आणि भीमराज जिथे असेल तिथे त्याला कोणीतरी समोरून पाहो. सर्वांचे मंगल होवो.