शांततेत झोपणारी चिप

शिनचू शहरातल्या एका कंपनीतून श्रवणयंत्राची चिप शुक्रवारी कारखान्यात बनायला जायची होती, पण संगणकावरच्या चाचणीत बॅटरी नऊच तास टिकत होती.

"वेग कमी करा," विभागप्रमुख लो साहेब म्हणाले.

"मग माणसांना बोलणं उशिरा ऐकू येईल. मी नाही करणार," त्यांच्या हाताखालची तरुण अभियंता युन-रू अडून बसली.

तिने तीन दिवस आराखडा पिंजून काढला. आजूबाजूला शांतता असतानाही आवाज गाळणारा भाग उगाच वीज खात होता. शांततेत तो झोपेल आणि आवाज येताच जागा होईल, अशी तिने सोय केली. बॅटरी सोळा तास टिकली, वेगही तोच राहिला.

लो साहेबांनी आकडे दोनदा वाचले. "पोरी, वीस वर्षांत मला हे सुचलं नाही," ते सगळ्यांदेखत म्हणाले आणि मंजुरीच्या कागदावर पहिली सही त्यांनी तिलाच करायला लावली. युन-रूने ती ठसठशीत केली.