पाच खणांचे पाणी

जानेवारीत अर्धांगाच्या झटक्यात बाबांचा उजवा हात गेला, आणि मार्च उजाडेपर्यंत आमच्या चारशे बाटल्यांतल्या माशांपैकी पाच नर आणि एक मादी एवढेच जिवंत उरले.

पाचही नर एका घरट्यातले भाऊ होते, मादी त्यांची बहीण. रंग धुराचा. ओले सरपण पेट घेण्याआधी जो निळसर, जड धूर सोडते, तसा. आणि कल्ल्यामागे एकच तांबडी रेघ. थायलंडमधल्या नाखोन पथोममध्ये आमच्या कालव्याच्या दोन्ही काठांवर घरोघरी लढाऊ मासे आहेत, पण हा रंग फक्त आमच्याकडे. तो आईने घडवला. भातखाचरातून उचललेल्या एका जोडीपासून बावीस वर्षे ती निवडत राहिली, नाकारत राहिली. ती गेली त्या वर्षी शोक करायला आलेल्यांना बाबा शांतपणे सांगत, "सामली कुठे गेली नाही. मागे शेडमध्ये जाऊन बघा."

आता त्या वाक्याचे वजन पाच माशांवर आले होते. वर्ष उलटलेला नर फेसाचे घरटे बांधणे हळूहळू सोडून देतो, आणि हे अकरा महिन्यांचे होते. थंडीत ते जोड धरत नाहीत. एप्रिलचा उन्हाळा हीच शेवटची संधी होती.

लहानपणी शेडमध्ये माझे एकच काम असे. दारूच्या चपट्या बाटल्या एकमेकींना खेटून उभ्या, प्रत्येक दोघींच्या मध्ये पुठ्ठ्याचा तुकडा. शाळेत जाण्यापूर्वी मी पुठ्ठे उचलायची. शेजारी दिसताच मासे कल्ले फुगवत, शेपट्या उलगडत, आणि ती अंधारी शेड दहा मिनिटे एखाद्या सणासारखी दिसे. मग पुठ्ठे परत जागेवर. त्या दहा मिनिटांनी मला शिकवले की वैर डोळ्यांतून सुरू होते, आणि डोळे झाकले की सर्व सुरक्षित असतात. बाटल्या धुणे, पाणी बदलणे आई-बाबा करत. ते काम मी कधी नीट पाहिलेच नाही.

मी शिकवत होते त्या शाळेच्या वार्षिक परीक्षा संपल्या, सुट्टी लागली आणि मी कायमची घरी राहायला आले. बाबांच्या पलंगाला लागून चार फुटांची काचेची टाकी मांडली. काळ्या प्लास्टिकचे चार पडदे कापले, खाचांत सरकवून बसवले. पाच खण झाले. तापवलेल्या सुईने प्रत्येक पडद्याला तळाशी बारीक भोके पाडली. शेवटच्या खणात स्पंजची गाळणी, हवा अगदी मंद, कारण या माशांना प्रवाह सोसत नाही. देशी बदामाची वाळलेली पाने टाकली, तेव्हा पाण्याला चहाचा रंग आला. मासे उडी मारतात म्हणून वर जाळी ताणली.

बाबा उशीला टेकून बघत होते. त्यांचे शब्द आता एकेक करून येत.

"भोकं का, ओरथाई?"

"पाणी खेळतं राहायला. एक गाळणी पाचही जणांना पुरेल. आणि एकमेकांना दिसणार नाहीत, पडदे काळे आहेत."

ते पडद्यांच्या तळाकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बरं."

मादीची बरणी मात्र त्यांनी दिली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर, डाव्या हाताशी ठेवून घेतली. "ही इथेच."

पलीकडच्या काठावरचे थविन काका रिकाम्या बाटल्या न्यायला आले. ते बाबांचे मित्र आणि तीस वर्षांचे स्पर्धक. माशांच्या प्रदर्शनात दोघे एकमेकांशी बोलत नसत आणि परतताना एकाच गाडीतून येत.

"हे काय, वसतिगृह काढलंस का?" ते टाकीपुढे उकिडवे बसले. "मेसचं जेवण कसं आहे रे, पोरांनो?"

"चेष्टा करा. पण रोज पाच बाटल्या धुवायच्या वाचल्या."

"पाच बाटल्या धुवायला लागतो किती वेळ? तुझ्या आईनं चारशे धुतल्या, वर तुला वाढवलं."

"न्या त्या बाटल्या, काका. मला आता नकोत."

"नेतो. प्रयून, तुझी लेक शिकलेली झाली रे. माझी बरीय, बारावीला नापास झाली."

बाबा हसले. जानेवारीनंतर प्रथमच. त्या हसण्यासाठी मी आणखी दहा टाक्या मांडल्या असत्या.

आठ दिवस सुंदर गेले. बाबा कुशीवर वळून पाचही खण बघत. सकाळी मी एक पडदा बोटभर वर सरकवायची, आणि दोन भाऊ धुरासारखे फुलत. नवव्या दिवशी पहिल्या खणातला मासा तळाशी पडून होता, पर मिटलेले. दुपारी तो गेला. वय झाले असेल, असे मी स्वतःला सांगितले, आणि स्वतःवर विश्वास ठेवला. अकराव्या दिवशी दुसऱ्या खणातला मासा काचेला अंग घासू लागला.

थविन काका आले ते टॉर्च घेऊनच. खिडकी लावून घ्यायला सांगितली आणि उजेड तिरपा टाकला. माशाच्या अंगावर बारीक सोनेरी धूळ चमकली, जशी देवळातल्या मूर्तीवर सोन्याचा वर्ख लावताना खाली सांडते. क्षणभर मला ती सुंदरच वाटली.

"हा रोग आहे, पोरी," काका म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "पहिल्याला आधीपासून असणार. बाटलीत असता तर एकटाच गेला असता."

त्यांनी टॉर्च तिसऱ्या खणावर फिरवला, मग चौथ्यावर, मग पाचव्यावर. तिसऱ्यावर सोने दाट होते, चौथ्यावर विरळ, पाचव्याच्या मानेवर चिमूटभर. गाळणी पाणी ज्या दिशेने ओढत होती, त्याच क्रमाने.

मी नजरांच्या आड भिंती बांधल्या होत्या. मृत्यूला मी स्वतः सुई तापवून वाटा करून दिल्या होत्या.

घरात एकही बाटली नव्हती. हाताला येईल ते भांडे घेतले: भाताचे पातेले, लोणच्याची बरणी, आईची फुलदाणी. पाण्यात मीठ, बदामाची पाने, आणि वर जाड कापड, कारण हा रोग उजेडावर जगतो. दुसरा मासा हातातल्या जाळीतच गेला. तिसरा संध्याकाळी. चौथा फुलदाणीत दोन दिवस टिकला.

त्याला बदामाच्या झाडाखाली पुरून आले आणि बाबांच्या पलंगाशी खाली बसले.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"भोकं बघितलीत तेव्हाच माहीत होतं. मग बोलला का नाहीत?"

ते शब्द शोधत राहिले. मी मदत केली नाही, करायची नव्हती.

"तू त्यांना... पलंगाशी आणलंस," ते म्हणाले. "रोज... दिसत होते. मलाही... हवं होतं ते." मग डावा हात बरणीवर ठेवून, "म्हणून ही... दिली नाही."

रागावायला जागाच उरली नाही. आम्ही दोघांनी मिळून चार मासे मारले होते, आणि दोघांनीही ते मायेपोटी केले होते.

पाचवा मासा पातेल्यात, कापडाखाली. दिवसातून एकदा, कापडाआड, डोळे फिरवून पाणी बदलायचे. त्याच्याकडे बघायचे नाही, उजेड पडू द्यायचा नाही. नऊ दिवस मी एका बंद पातेल्याची सेवा केली. आतला जीव आहे की नाही, हे फक्त कधीतरी हाताला लागणाऱ्या पाण्याच्या हिसक्यावरून कळे. दोनदा हिसका लागला नाही, आणि त्या दोन्ही दिवशीही मी कापड उचलले नाही.

दहाव्या दिवशी थविन काकांसमोर कापड काढले. शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या. काकांनी टॉर्च दोनदा फिरवला.

"सोनं गेलंय," ते म्हणाले. मग वाकले. "आणि हे बघ."

पातेल्याच्या कडेला, बदामाच्या पानाखाली, तळहाताएवढा फेस होता. अंधारात, कुणीही दिसत नसताना, त्याने घर बांधले होते.

बाबांनी बरणी स्वतः उचलून माझ्या हातात दिली. थोडे पाणी पलंगावर सांडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ, पसरट काचपात्रात चार बोटे पाणी घेऊन दोघांना सोडले. फेस पानासकट उचलून आणला. त्याने मादीला आपल्या फाटक्या अंगाचा वेढा घातला. पांढरे कण खाली गळू लागले. त्याने तोंडात काही टिपले, फेसात ठेवले, पुन्हा उतरला. चौथ्या खेपेला अर्ध्या वाटेवर थांबला, आणि एका कुशीवर कलला. मादी अंडी खाऊ नये म्हणून मी तिला काढून घेतले. अंडी तळाशी पडून होती, आणि तो त्यांच्याकडे बघत होता.

"ड्रॉपर," बाबा म्हणाले.

मी पात्र त्यांच्या मांडीशी ठेवले. ते डाव्या बोटाने दाखवत, मी टिपून वर फेसात सोडत होते. "इथे. हे... राहिलं. पानाखाली एक." दुपारपर्यंत आम्ही त्या माशाचे काम करत राहिलो. तो दुपारीच गेला. बाबांनी बोट काढले नाही. पडलेले पुढचे अंडे दाखवले.

तिसऱ्या दिवशी फेसाखाली अकरा पिल्लांच्या बारीक रेघा शेपट्या खाली सोडून लोंबकळत होत्या. धुरकट की काळ्या, ते सांगता येण्याजोगे अजून काही नव्हते. काही अंड्यांवर बुरशी आली होती. अकरांपैकी किती संध्याकाळ बघतील, तेही सांगता येत नव्हते.

मी होडीने कालवा ओलांडून पलीकडे गेले. थविन काका ओट्यावर माशांच्या खाद्यासाठी अळ्या गाळत बसले होते.

"काका, बाटल्या परत द्या."

"किती?"

"अकरा."

त्यांनी मान वर केली नाही. "पिल्लं वेगळी करायला दोन महिने आहेत अजून. तोवर तीन राहतील, नाहीतर एकही नाही. हे तुला कळतंय ना?"

"कळतंय. अकरा द्या."

ते उठून आत गेले. बाटल्यांवर बाटल्या आपटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाहेर आले ते टोपली घेऊन. बाटल्या धुतलेल्या होत्या, आणि वर दोरीने बांधलेला पुठ्ठ्यांचा गठ्ठा होता.