कढईचं गाऱ्हाणं

तेजस्वीला पुण्याला जायचं नव्हतं, एवढी एकच गोष्ट नीट ध्यानात ठेवा. आईवडील, मामा, शेजारीपाजारी सगळे म्हणत होते, इंजिनीअर झालीस ना, मग पुणं गाठ. ही मात्र पूर्णगडच्या रस्त्यावर तुळसाकाकीच्या आंबा कारखान्यात ठाण मांडून बसलेली. तिथे वाफेच्या मोठ्या कढईत आंब्याचा रस आटवून मावा करतात. रस ढवळायला मोटरीचं पातं असतं. ते थांबलं की बघता बघता तळ करपतो. त्या कढईवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम तेजस्वीने सी भाषेत लिहिला होता. काकीने अट घातली होती, "एक जरी कढई करपली, तर तुझा यंत्र काढून टाकायचा आणि तू गपगुमान पुण्याची गाडी धरायची."

सी ही मुळात अबोल भाषा. आत काही बिनसलं तरी बोंब मारत नाही. आपण मुद्दाम विचारावं तेव्हा हळूच सांगते. म्हणून तेजस्वीने प्रोग्रॅममध्ये जागोजागी विचारणा केली आणि उत्तरांच्या दोन वाटा काढल्या. किरकोळ कुरबूर असेल तर वॉर्निंग द्यायची आणि काम चालू ठेवायचं. खरंच घात होत असेल तर एरर सांगायची आणि तिथेच थांबायचं. दोन्ही गोष्टी भोंग्यावरून ऐकू येणार होत्या, वाफेची चावी मात्र माणसानेच फिरवायची होती.

पहिल्या दिवशी तापमापकाची तार सैल राहिली होती. नारळ फुटतो न फुटतो तोच भोंगा खणखणीत आवाजात म्हणाला, "एरर."

काकीचा पारा चढला. "ह्याला काय रीतभात हाय का नाय? शुभकार्यात असा तोंडावर बोलतात?"

तेजस्वीही याच मातीतली, तिला ते पटलं. तिने रामाआबांना गाठलं. आबा गावचे मानकरी. देवळात गाऱ्हाणं घालावं तर त्यांनीच. त्याची रीत ठरलेली. बारीकसारीक मागणं असलं की चार शब्दांत आटोपायचं. मोठं असलं की आधी ग्रामदेवता, मग वेशीवरचा, पाणंदीतला, तळ्याकाठचा, असे झाडून सगळे राखणदार आठवायचे, कुणाला वगळायचं नाही आणि मुद्दा अगदी शेवटी. तेजस्वीने आबांचा आवाज भरून घेतला. वॉर्निंगला आबा म्हणत, "बायांनो, आच जरा जास्त झाली हाय, बघा." एररला मात्र अख्खं गाऱ्हाणं. गोष्ट जितकी गंभीर, तितकं लांब. हे तिला इतकं रास्त वाटलं की तिने पुन्हा विचारच केला नाही.

वॉर्निंगचं कारखान्यातल्या बायकांना भारी कौतुक. आबा बोलले की हसत हसत वाफेची चावी कमी करायच्या. हंगाम सुखात चालला होता.

मग एका दुपारी मोटरीचा पट्टा तुटला आणि पातं थांबलं. कढईजवळ कुणी नव्हतं, सगळ्या पलीकडे डबे भरत होत्या. भोंग्यातून आबा गरजले, "बा देवा म्हाराजा, वेशीवरच्या राखणदारा..."

हे गाऱ्हाणं तोवर कुणी ऐकलंच नव्हतं. बायकांनी डबे खाली ठेवले, पदर डोक्यावर घेतले आणि हात जोडले. काकीने चपला काढल्या. दाराशी सुपारी कातरत बसलेले खरे आबासुद्धा उठून स्वतःच्याच आवाजापुढे हात जोडून उभे राहिले. गाऱ्हाणं चालू असताना आपल्याकडे कुणी जागचं हलत नाही. भोंगा श्वास घ्यायला थांबला की सगळ्या एकमुखाने म्हणत, "व्हय म्हाराजा."

आणि तेजस्वी? शेवटी काय येणार हे तिला ठाऊक होतं. तरी लहानपणापासूनची सवय. तिचेही हात जोडलेले आणि तिच्याही तोंडी "व्हय म्हाराजा". गाऱ्हाणं पाणंदीतून तळ्याकाठी पोचलं, तेव्हा तिच्या नाकात करपट वास शिरला.

मध्येच तोंड उघडावं तर देवाचा अपमान, न उघडावं तर पुणं.

"पातं थांबलंय, कढई करपतेय," ती जीव खाऊन ओरडली आणि चावीकडे धावली.

वाफ बंद झाली. काकीने झारा घालून पाहिला. तळाशी काळा थर धरला होता. तेजस्वीचे डोळे भरून आले. "चूक माझीच काकी. जे आधी सांगायचं, ते मी शेवटी ठेवलं. उद्या यंत्र काढते."

काकीने वरचा मावा बोटावर घेऊन चाखला. "तळ लागलाय नुसता. ह्याला करपली म्हणत नाय," ती म्हणाली, आणि वर कुणाची बोलायची टाप नव्हती.

आता एररला काकीचाच आवाज आहे: "पातं थांबला, पळा." गाऱ्हाण्याला कात्री लावायला आबा काही तयार झाले नाहीत, म्हणून पातं पुन्हा फिरू लागलं की मग अख्खं गाऱ्हाणं भोंग्यावर सावकाश लागतं. आबांनी ते नव्याने म्हणून दिलं आणि शेवटी तेजस्वीला न विचारता एक मागणं वाढवलं, "...आनि ह्या पोरीला हितंच ठेव रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळ्या म्हणतात. तेजस्वीचा आवाज त्यात सगळ्यात मोठा असतो.