गॅरेजातला कापूस

देवकाबाईंच्या अंगाला खाज सुटली आहे, हे ऐकलं आणि रीताने गॅलरीतून खाली गॅरेजाकडे पाहिलं.

नालवाडीतल्या त्या तीन मजली सोसायटीत मे महिन्यात कोणी खाजवताना दिसलं तर नवल नव्हतं. वर्ध्याचं ऊन घामोळ्या देतंच. पण सिंदी रेल्वे गावच्या शेतकऱ्याघरी वाढलेल्या रीताला ही खाज ओळखीची होती. घरात कापूस फार दिवस भरून ठेवला की अशी खाज सुटते. आणि देवकाबाईंच्या खोलीच्या बरोबर खाली जे गॅरेज होतं, ते छतापर्यंत कापसाने भरलेलं होतं. कापूस रीताच्या भावाचा, हेमराजचा.

सोसायटीत गॅरेजं मोजकी आणि घरं त्यांच्या तिप्पट. कोणाला भाड्याने द्यायची याचा नियम एकच, सचिवाची मर्जी. आणि सचिव होते रीताचे यजमान भूपेंद्र. दिवाळीनंतर हेमराजने बहिणीकडे शब्द टाकला, "ताई, घरी जागा नाई. भाव वाढेपर्यंत कापूस ठेवू दे. उन्हाळा लागाच्या आधी नेतो." बहिणीने नवऱ्याच्या कानावर घातलं आणि नवऱ्याने किल्ली काढून दिली. बायकोच्या भावाला नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे शोधूनच काढावा लागतो. भाव काही वाढला नाही, कापूसही हलला नाही.

दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या चंदनला मात्र गॅरेज मिळालं नव्हतं. निदान बॅटरीच्या स्कूटरला चार्जिंगची जागा तरी द्या, म्हणून तो भूपेंद्रच्या मागे लागला, तेव्हा भूपेंद्र म्हणाले, "पाहू." हे 'पाहू' महिनोन् महिने चाललं. शेवटी चंदनने आपल्या घरातून वायर खाली सोडली आणि तिचा बोर्ड एका खिळ्याला टांगला. खिळा हेमराजच्या गॅरेजच्या पत्र्याच्या भिंतीला होता. आत काय आहे, हे बिचाऱ्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

रीता येता-जाता तो बोर्ड पाही आणि तिथेच थबके.

"अहो, हेमराजले कापूस न्यायले सांगा न. मले लय भेव वाटते," ती एकदा नवऱ्याला म्हणाली.

"तूच सांग. भाऊ तुहा हाये," भूपेंद्रने हात झटकले.

रीता सांगू शकली नाही. वडील गेल्यापासून माहेर म्हणजे हेमराजच. तो रुसला तर सणावाराला कोणाचं दार ठोठावायचं? म्हणून ती रोज देवाला हात जोडून गप्प बसे. असं गप्प बसणाऱ्यांत तुम्हीआम्हीही असतोच.

एका दुपारी जळक्या रबराचा वास आला. रीता गॅलरीत धावली. खाली पत्र्यावरचा बोर्ड वितळत होता आणि काळा धूर भिंतीला चिकटून वर चढत होता.

"चंदनभाऊ, मेन स्विच बंद करा! देवकाबाईले खाली आणा, आधी देवकाबाईले!"

चंदन धावला. त्याने वीज बंद केली, स्कूटर ओढून दूर नेली आणि उलट्या पावली वर गेला. देवकाबाईंचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं, चार पावलं टाकायची सोय नव्हती. त्यांचे यजमान सदाशिवराव आणि चंदन, दोघांनी त्यांना खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. लोकांना वाटत होतं, स्कूटरचा धूर आहे, आता थांबेल. पत्र्यापलीकडे काय आहे हे एकट्या रीताला ठाऊक होतं. शटरची किल्ली सिंदीत हेमराजकडे होती. ती पत्र्याकडे बघत उभी राहिली, पण 'कापूस' हा शब्द तेव्हाही तिच्या तोंडातून निघाला नाही.

धूर थांबला. संध्याकाळी सगळे खाली जमले आणि सगळ्यांची बोटं चंदनकडे वळली.

"खोली खाली करा तुमी," भूपेंद्र म्हणाले. "साऱ्यायचा जीव धोक्यात टाकला."

"मी तर जागा मांगत होतो, भाऊ," चंदन हळूच बोलला.

खुर्चीत बसलेल्या देवकाबाई हात खाजवत होत्या. रीताने ते पाहिलं. ती उठली.

"त्यायले काऊन काढता? बोर्ड त्यायचा जळला, पण आपण जळलो असतो माह्या भावाच्या कापसानं. पत्र्यामांगं छतापर्यंत कापूस हाये. मले दुपारी बी माहीत होतं, अन् मी बोलली नाई."

भूपेंद्रची मान खाली गेली. सदाशिवराव बोलले. शाळेत जन्मभर शिकवलेला माणूस, आवाज चढवायची सवयच नव्हती.

"तू बोलली हे बरं केलं, बेटा. मले तुह्या भावाचा राग नाई. पण माही बायको ज्या पलंगावर झोपते, त्याच्याखाली काय हाये हे मले माहीत नव्हतं, याचं मले भेव वाटते. भूपेंद्रभाऊ, गॅरेज साऱ्यायचे हायेत. ओळखीवाल्याले जागा अन् बिनओळखीच्याले बोलणी, हे कसं चालन? चंदनले जागा भेटली असती त त्यानं खिळ्याले वायर टांगली असती काय? मर्जीले कोणी विचारू शकत नाई, आत काय ठेवलं म्हून. नियमाले विचारता येते."

"चुकलं माहं," भूपेंद्र म्हणाले. "चिठ्ठ्या टाकू. पयले हेमराजचं गॅरेज खाली करतो."

त्या संध्याकाळी ठरलं ते साधंच होतं. गॅरेज सोसायटीत राहणाऱ्यालाच मिळेल, मग तो मालक असो की भाडेकरू. चिठ्ठी दरवर्षी निघेल, आत गाडीशिवाय काही राहणार नाही, एक किल्ली सोसायटीकडे असेल आणि चार्जिंगची जागा भिंतीपासून दूर, वेगळी होईल. चंदनची खोली राहिली. त्याच रात्री रीताने हेमराजला फोन करून सगळं सांगितलं.

सकाळी हेमराज टेम्पो घेऊन आला. त्याने चहाला हात लावला नाही.

"चार लोकांत माहं नाव घेतलं, ताई. भाऊ म्हून काही ठेवलं नाई तू."

रीताला रडू फुटलं, पण तिने शब्द मागे घेतला नाही. मजूर कापूस बाहेर काढत गेले. पत्र्यालगतचा शेवटचा थर उरला तेव्हा हेमराज मध्येच थांबला. तिथे परातीएवढा कापूस काळा पडला होता. त्याने हात घातला, तर त्या कापसाची राख झाली. पत्रा तापून कापूस जळायला लागला होता आणि कसा कोण जाणे, विझला होता.

हेमराजने वर छताकडे पाहिलं.

"ताई, वरते कोण झोपते?"

"देवकाबाई. त्यायले चालता येत नाई."

तो तसाच कापूस माखलेल्या अंगाने जिना चढून गेला आणि देवकाबाईंच्या पायांवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

बंधुभगिनींनो, नियम हा परक्यांना आवरण्यासाठी असतो, असं आपण समजतो. तो आधी आपल्या माणसाला लावायचा असतो. नाहीतर ज्याला आपण आपुलकी म्हणतो, तिची धग कोणाच्या तरी पलंगाखाली लागलेली असते.