साधी भूल

परका माणूस खुर्चीत बसला की मी आधी दहा प्रश्न विचारते. घरच्यांना मात्र काही विचारत नाही, आणि आम्ही दातांचे डॉक्टर माती खातो ती तिथेच. बाबांना नुसतं "आ करा" म्हटलं आणि नेहमीचं इंजेक्शन भरायला घेतलं. त्यात अ‍ॅड्रेनालिन असतं. भूल बराच वेळ टिकते, रक्त कमी येतं, काम सावकाश करता येतं. बाबांची दाढ किडून गाल सुजला होता, आणि पुढच्या आठवड्यात मी परदेशी नोकरीवर रुजू होणार होते. त्याआधी त्यांचं तोंड ठाकठीक करून जायचं, एवढंच डोक्यात होतं.

"काका, गोळ्या काही चालू आहेत?" मदतनीस ताईंनी सवयीने विचारलं.

"छे," बाबा म्हणाले, पण माझी नजर चुकवून. मी सुई खाली ठेवली.

"बाबा?"

"एक आहे, ठोक्यांची. छातीत धडधडतं मधूनमधून. फार काही नाही गं."

"कधीपासून?"

"तुझं जायचं ठरलं, त्या सुमारास."

माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि रागही आला. अ‍ॅड्रेनालिनने हृदयाचे ठोके आणखी वाढतात; ते इंजेक्शन मी दिलं असतं तर? आई गेल्यापासून हा माणूस घरात एकटा, आणि पोटच्या पोरीपासून दुखणं लपवतो.

त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, "ठोके अजून ताळ्यावर नाहीत. अ‍ॅड्रेनालिन नको, साधं द्या." साधं द्यायचं तर भूल लवकर उतरणार, रक्त जास्त येणार, आणि सुजलेल्या हिरडीत ती नीट चढेल याची खात्री नाही. दाढ तशीच ठेवणंही धोक्याचं. इकडे आड, तिकडे विहीर.

"मला सांगितलं असतं तर मी थांबले असते ना," मी म्हटलं.

"म्हणून तर नाही सांगितलं. बापाच्या धडधडीपायी पोरीने नोकरी सोडायची? चला डॉक्टरीणबाई, उपटा."

साधं इंजेक्शन दिलं, ओठ बधिर होईपर्यंत थांबले. दाढ हलली, पण तिचं एक मूळ आत अडून बसलं. ताई बाबांच्या बोटाला लावलेल्या यंत्रावरचे ठोके मोठ्याने वाचत होत्या आणि आकडा चढत होता.

"दुखतंय?"

बाबांनी मान हलवली, नाही म्हणून. डोळ्यांतलं पाणी कानाकडे ओघळत होतं.

मी चिमटा बाहेर काढला. "बाबा, आता एकदा तरी खरं बोला. मला अंदाजाने काम नाही करता येणार."

त्यांनी बाहीने डोळे पुसले.

"दुखतंय," ते म्हणाले. "फार दुखतंय."

मी पुन्हा साधंच इंजेक्शन भरलं. तोंडाजवळ नेलं तसं त्यांनी माझं मनगट धरलं. अर्धं तोंड बधिर, त्यामुळे शब्द धड निघत नव्हते, तरी मला कळले.

"आणि तू जाऊ नकोस गं."