फरवर्दीतला हुरडा

अहवालाचं काम बघणाऱ्या दिल्लीच्या अभयनं एवढंच मागितलं होतं, की त्यातल्या फसली, म्हणजे निजामाच्या दफ्तरातल्या, तारखा इंग्रजी करून द्या. पाच मिनिटांचं काम म्हणून बसले आणि माझी दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली.

अहवाल सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी होता. त्यातल्या माझ्या प्रकरणाचं म्हणणं साधं होतं. १९४८ साली निजामाच्या हद्दीवरच्या एका नाक्यावर दोन्हीकडचे लोक दर आठवड्याला बसून बोलले, म्हणून तिथला गोळीबार थांबला. तेव्हा आजही अशा बैठका बंद पाडू नका. पुरावा होता निजामाच्या बाजूचे नाक्याचे मुन्शी फकिरा यांची रोजनिशी. पहिली बैठक ५ फरवर्दी, शेवटची गोळी २० फरवर्दी. संगणकानं पहिल्या बैठकीची तारीख दिली पंचवीस मार्च. समोर, भारताच्या बाजूला, जादा फौज तर दहा मार्चलाच आली होती. म्हणजे गोळीबार बोलण्यानं नाही, धाकानं थांबला.

प्रकरण गाळायचं ठरवलं आणि रोजनिशी परत द्यायला लासूर स्टेशनला गेले. मुन्शींचा मुलगा कडुबाकाका तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेला. 'दुश्मनासंगं हुरडा खाणारा फितूर' म्हणून गावानं बापाला जन्मभर टोचलं होतं. काकांनी रोजनिशी दिली ती फक्त तेवढं पुसलं जावं म्हणून. आता त्यांना काय तोंड दाखवायचं, हाच विचार रस्ताभर होता.

मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझा कागद लांब धरून वाचला.

"ही इराणची फरवर्दी हाय, लेकी. आपली फसली आजूरला सुरू व्हायची, ऑक्टोबरात. आजूर, दै, बहमन, इस्फंदार, मंग फरवर्दी. फेब्रुवारी आला." मग त्यांनी रोजनिशी उघडून पाच तारखेची ओळ दाखवली. "अन् हे बघ. समोरच्या जमादारानं हुरडा आणला, लिवलंय. शिमग्याला कडबा बांधून व्हतो. तवा हुरडा कुठला?"

ती ओळ मी वीसदा वाचली होती. इतिहासात पीएच.डी. झालेल्या बाईला हुरडा कधी खातात हे कळू नये, याची लाज नंतर वाटली. आधी नुसतं हायसं वाटलं. फेब्रुवारीच्या पहिल्या दहा दिवसांत बैठक, पुढच्या पंधरा दिवसांत गोळ्या बंद आणि फौज त्यानंतर. मी तिथंच ओट्यावर बसून अभयला फोन लावला, प्रकरण राहील म्हणाले, आणि बोलता बोलता रडायला लागले.

काका चहा घेऊन आले. अहवालात बापाचं नाव येईल का, असं त्यांनी विचारलं. पहिल्याच पानावर, मी म्हणाले.

"मंग हुरडा बी लिव्ह," ते म्हणाले. "गावाला वाचून दाखवायचंय."